कुटुंब, आठवणी आणि रोजच्या जमण्याच्या जागा: विद्यार्थ्यांच्या छायाचित्र-प्रकल्पांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुटुंबावर किंवा रोजच्या जमण्याच्या जागेवर छायाचित्र-प्रकल्प करा असे सांगितले की विद्यार्थी पहिल्या आठवड्यात लेन्सबद्दल विचारतात, आणि दुसऱ्या आठवड्यापासून आईबद्दल, फारसे न बोलणाऱ्या काकांबद्दल आणि कुलूप लावलेल्या कपाटाबद्दल विचारू लागतात. असे प्रकल्प तपासताना पुन्हा पुन्हा समोर आलेले प्रश्न आणि माझ्या परीने दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

घरात फोटो तर सगळेच काढतात. मग प्रकल्प वेगळा कशाने ठरतो?

घरगुती फोटो बहुधा प्रसंगाचे असतात. त्यांत माणसे कॅमेऱ्याकडे पाहून हसतात आणि प्रसंग आटोपला की कॅमेराही बाजूला ठेवला जातो. प्रकल्पात तुम्ही एक प्रश्न मनाशी धरून त्याच माणसांकडे किंवा त्याच जागेकडे ठरावीक काळ जात राहता, आणि जमलेल्या चित्रांतून निवड करून त्यांना क्रम लावता. अमेरिकी छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून दरवर्षी आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांना एकत्र टिपले. चौघी प्रत्येक वेळी डावीकडून उजवीकडे त्याच क्रमाने उभ्या राहिल्या, आणि हे काम ४० वर्षांहून अधिक काळ चालले. त्यातले एखादे चित्र सुटे पाहिले तर ते साधेच वाटेल; मात्र ओळीने पाहताना कोणाची मान कोणाकडे झुकली, कोणत्या वर्षी कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आला, हे दिसू लागते. सत्राच्या प्रकल्पाला इतकी वर्षे मिळत नाहीत, परंतु दहा-बारा आठवडे मिळतात, आणि तेवढ्यात एकाच खिडकीपाशी बसणाऱ्या एकाच व्यक्तीकडे दहा वेळा जाता येते.

आमच्या घरात विशेष असे काहीच नाही. विषय कोठून आणायचा?

ही तक्रार जवळजवळ प्रत्येक जण करतो, आणि ती करणाऱ्यांचे प्रकल्प पुष्कळदा सर्वांत चांगले होतात, कारण त्यांना नाट्यमय काही सापडत नसल्यामुळे निमूटपणे बघत बसावे लागते. ‘माझे कुटुंब’ हा विषय नव्हे, ते केवळ क्षेत्र आहे. त्यातली एखादी मुठीत मावेल इतकी लहान गोष्ट निवडावी. एका विद्यार्थिनीने आजोबांचे चष्मे निवडले होते. घरात त्यांचे चार चष्मे होते. एक वर्तमानपत्राखाली सापडायचा, एक रेडिओवर, एकाची काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती, आणि चौथा, ज्याचा नंबर केव्हाच बदलला होता, तो औषधांच्या डब्यात जपून ठेवलेला होता. सहा आठवडे तिने एवढेच टिपले. आजोबा स्वतः फक्त तीन चित्रांत होते, त्यांपैकी एका चित्रात चष्मा डोळ्यांवर असूनही ते तो शोधत होते. विसराळूपणाविषयी त्या मालिकेत एकही शब्द लिहिलेला नव्हता.

विषय सापडत नसेल तर आठवडाभर घरातल्या गोष्टी वहीत लिहाव्यात: दिवसात सर्वांत जास्त वेळा कोणाला हाक मारली जाते, कोणाची बसायची जागा ठरलेली आहे, कोणती वस्तू मोडली तरी टाकून दिली जात नाही, घरात शेवटचा दिवा कोण मालवते. नोंदी वाचताना जी गोष्ट तुम्हाला थोडी अस्वस्थ करते तिथून सुरुवात करावी. कॅमेरा आठव्या दिवशी हातात घेतला तरी काही बिघडत नाही.

कॅमेरा दिसला की घरातली माणसे ताठ होतात. काय करावे?

त्यांना तसे होऊ द्यावे. पहिल्या दोन-तीन दिवसांची ताठ चित्रे काढून ती त्यांना लगेच दाखवावीत. फोटो काढून झाला असे वाटले की माणूस पुन्हा आपल्या कामाला लागतो. कॅमेरा पिशवीत न ठेवता टेबलावर उघडा ठेवला तर तो घरातल्या वस्तूंपैकी एक होऊन जातो. लपूनछपून फोटो काढू नयेत. असे चित्र हाती लागते खरे, पण घरच्यांचा विश्वास जातो आणि पुढचे आठ आठवडे वाया जातात.

याहून चांगला मार्ग म्हणजे कॅमेरा त्यांच्या हाती देणे. अमेरिकी छायाचित्रकार लाटोया रूबी फ्रेझर यांनी किशोरवयातच पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडॉक या पोलाद-कारखान्यांच्या गावातील आपल्या कुटुंबाची छायाचित्रे काढायला सुरुवात केली. २०१४ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्या कामात त्यांची आई केवळ फोटोसाठी बसणारी व्यक्ती राहिली नाही. तिने स्वतःही छायाचित्रे काढली. तुमच्या आजीने काढलेला तुमचा तिरका, डोके कापलेला फोटोही मालिकेत मानाने बसू शकतो.

जुन्या अल्बममधील छायाचित्रांच्या प्रती कशा कराव्यात?

आधी माझी चूक सांगतो. विद्यार्थी असताना मी नातेवाइकांकडून एका दुपारपुरता अल्बम मागून आणला आणि घाईघाईत फ्लॅश लावून सगळी पाने टिपली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर चकचकीत कागदावर फ्लॅश परावर्तित होऊन आजीच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग उमटला होता, आणि तोही एका नव्हे, सतरा फोटोंत. अल्बम परत गेला होता. पुढे घर बदलताना तो हरवला. तेव्हापासून मूळ वस्तू परत देण्याआधी प्रत्येक फाइल मोठी करून पाहण्याचा नियम मी स्वतःला आणि विद्यार्थ्यांना घालून दिला आहे.

कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम अल्बमची पाने आहेत तशी, संपूर्ण टिपावीत, कारण कोणता फोटो कोणाशेजारी लावला आहे आणि खाली कोणाच्या अक्षरात काय लिहिले आहे, हीही माहितीच असते. मग सुटे फोटो आणि त्यांच्या मागच्या बाजू घ्याव्यात. पोस्टकार्डाएवढ्या किंवा त्याहून लहान फोटोला ६०० डीपीआयचे (दर इंचाला ६०० ठिपक्यांचे) स्कॅन पुरते. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हची चौकट केवळ २४ × ३६ मिलिमीटरची असल्याने तिथे निदान २४०० डीपीआय हवे. त्यातून सुमारे ३४०० × २२७० पिक्सेलची फाइल मिळते. स्कॅनर नसेल तर फोटो सपाट ठेवून कॅमेरा त्याला अगदी समांतर धरावा, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर वापरावा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) १०० व छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट) एफ/८ ठेवावे, आणि दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ अंशांतून सारखा उजेड पडेल असे दिवे लावावेत. खिडकीचा मऊ उजेडही चालतो, फक्त समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा करावा.

चिकट पानांच्या अल्बममधला फोटो सहज निघत नसेल तर तो ओढू नये, पानासकटच टिपावा. हात स्वच्छ आणि कोरडे असावेत, फोटो कडांनी धरावा, फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावू नये, आणि मागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. पूर्वीच्या रंगीत छापांवर जी तांबूस छटा दिसते ती बहुधा निळसर रंगद्रव्य अंधारातही हळूहळू विरत गेल्यामुळे आलेली असते. संगणकावर ती दुरुस्त करता येते, पण न सुधारलेली फाइल वेगळी जपून ठेवावी. ती छटाही त्या फोटोच्या वयाचा भाग आहे.

आठवणी विचाराव्यात कशा? ‘तुमचे बालपण कसे होते’ म्हटले की ‘चांगले होते’ एवढेच उत्तर येते.

प्रश्न फार मोठा असला की उत्तर लहान येते. त्याऐवजी एक फोटो समोर ठेवावा. छायाचित्र दाखवून बोलते करण्याची ही रीत मानववंशशास्त्रात जुनी आहे. जॉन कॉलियर यांनी १९५७ साली तिच्यावर लिहिले, आणि फोटो समोर असला की मुलाखत अधिक नेमकी होते व लांबते, असे त्यांना आढळले होते. माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी प्रश्न ‘हा फोटो कोणी काढला?’ हा आहे. फोटोत दिसणाऱ्यांची नावे सगळ्यांना पाठ असतात. कॅमेऱ्यामागे कोण होते हे आठवताना माणूस त्या जागी परत जातो, मग उन्हाची दिशा आठवते, कोण रुसून बाहेर थांबले होते तेही आठवते. दुसरा चांगला प्रश्न ‘या फोटोत कोण असायला हवे होते?’ हा, पण तो पहिल्याच भेटीत विचारू नये.

ध्वनिमुद्रण सांगूनच करावे. पंखा शक्य असल्यास बंद ठेवावा, फोन विमान-मोडमध्ये टाकून वक्त्यापासून वीतभर अंतरावर मऊ कापडावर ठेवावा, आणि पहिल्या मिनिटात तारीख व बोलणाऱ्याचे नाव मुद्रित करावे. वयस्क माणसाला पाऊण तासाहून जास्त बसवू नये. बोलणे थांबले की विद्यार्थी घाईने पुढचा प्रश्न टाकतात. मनात दहापर्यंत मोजावे. पुष्कळदा खरे बोलणे सातव्या-आठव्या आकड्यावर सुरू होते.

आई एक सांगते आणि मावशी अगदी उलट. खरे कोणते मानायचे?

दोन्ही नोंदवावे आणि कोणी काय सांगितले ते नावानिशी लिहून ठेवावे. फोटोमागची तारीख, शिक्का, कपड्यांवरून बांधता येणारा अंदाज यांनी काही गोष्टी पडताळता येतात, त्या जरूर पडताळाव्यात. परंतु एकाच फोटोखाली दोन बहिणींच्या दोन परस्परविरोधी ओळी आल्या तर वाचक थांबतो, आणि तुमच्या प्रकल्पात तो तिथे थांबलेला बराच.

जी व्यक्ती आता हयात नाही तिच्यावर प्रकल्प करता येईल का?

येईल. तिच्या वस्तू, अक्षर, रिकामी खुर्ची, तिच्या सवयी उचललेली घरातली दुसरी माणसे, तिच्या जुन्या फोटोंवर आधारलेली नवी रचना, असे पुष्कळ मार्ग आहेत. चित्रकार विवान सुंदरम यांनी आपले आजोबा उमराव सिंग शेर-गिल यांनी काढलेली कुटुंबाची छायाचित्रे संगणकावर एकत्र गुंफून २००१ च्या सुमारास एक मालिका केली. तीत उमराव सिंग यांची कन्या, चित्रकार अमृता शेर-गिल आणि निरनिराळ्या काळांतले कुटुंबीय एकाच चौकटीत येतात.

प्रत्येक गोष्ट दाखवलीच पाहिजे असेही नाही. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी छायाचित्रणावरच्या आपल्या १९८० च्या पुस्तकात आईच्या वयाच्या पाचव्या वर्षीच्या एका फोटोविषयी पानेच्या पाने लिहिली आणि तो फोटो मात्र पुस्तकात छापला नाही. शोक ताजा असेल तर हा विषय सत्राच्या मुदतीत बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गुणांसाठी त्याची घाई करणे बरे नव्हे.

‘जमण्याची जागा’ म्हणजे नेमकी कोणती, आणि तिथे काम कसे करावे?

समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये घर ही पहिली जागा, काम ही दुसरी आणि माणसे केवळ भेटायला, बोलायला जिथे येतात ती तिसरी जागा, अशी कल्पना मांडली. वाचनालयातले वर्तमानपत्रांचे टेबल, केस कापण्याच्या दुकानातला बाक, मैदानाकडेचा कट्टा, बसथांबा, इमारतीच्या जिन्याची खालची पायरी या सगळ्या तशा जागा आहेत. तिथे कोणाला बोलावणे पाठवावे लागत नाही आणि कोणी आला नाही तर दुसऱ्या दिवशी विचारपूस होते.

पहिल्या दोन भेटींत फोटो काढू नयेत. बसावे, आणि वहीत जागेचा साधा नकाशा काढून कोण कोठे बसते ते मांडावे. एकाच दिवशी चार वेगवेगळ्या वेळी जावे. सकाळी चालून आलेल्या वृद्धांचा असलेला बाक दुपारी झोपलेल्या माणसाचा आणि संध्याकाळी शाळकरी मुलांचा होतो, आणि या तिन्ही गटांची एकमेकांशी कधी ओळखही झालेली नसते. जागा रिकामी असतानाही टिपावी. बाकाची जी कड हातांनी गुळगुळीत झाली आहे, भिंतीवर पाठी टेकून जो तेलकट पट्टा उमटला आहे, तो माणसांच्या चेहऱ्यांइतकाच बोलतो. येथे कोण येत नाही, हेही विचारावे. स्त्रिया, लहान मुले किंवा चाकाच्या खुर्चीतून फिरणारी माणसे या जागी कधीच दिसत नसतील, तर तुमचा प्रकल्प तिथून वेगळे वळण घेऊ शकतो.

कोणाकोणाची परवानगी घ्यावी लागते?

सार्वजनिक ठिकाणी फोटो काढण्याचे आणि ते प्रसिद्ध करण्याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून तुमच्या ठिकाणचे नियम संस्थेकडून समजून घ्यावेत. दुकान, वाचनालय, उपासनास्थळ, रुग्णालय यांसारख्या जागांत व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्यावी. ज्याचा चेहरा ओळखू येतो अशा प्रत्येकाला फोटो कोठे लागणार आहे ते सांगून लेखी संमती घ्यावी. वर्गात दाखवणे, भिंतीवर लावणे आणि इंटरनेटवर टाकणे या तीन वेगळ्या संमती आहेत. लहान मुलांसाठी पालकांची संमती हवी, आणि मुलाने स्वतः नको म्हटले तर पालकांचा होकार असूनही थांबावे.

घरच्यांनी आधी होकार दिला, आता प्रदर्शनाच्या तोंडावर नको म्हणतात. मी काय करू?

फोटो काढून टाकावा. इतके थोडक्यात सांगितले की विद्यार्थी नाराज होतात, म्हणून थोडे अधिक सांगतो. कुटुंबात तुम्ही केवळ छायाचित्रकार नसता. तुम्ही मुलगा, नात किंवा भाचा असता, आणि तुम्हाला नाही म्हणणे त्यांना परक्याला नाही म्हणण्यापेक्षा अवघड जाते. सुरुवातीचा होकार बहुधा प्रेमापोटी आलेला असतो, फोटो पाहून दिलेला नसतो. म्हणून निवड चालू असतानाच छोट्या छापांचा गठ्ठा घरच्यांपुढे ठेवावा. कधी कधी आक्षेपातच प्रकल्पाचा पुढचा भाग असतो. अमेरिकी छायाचित्रकार लॅरी सल्टन यांनी सुमारे दहा वर्षे आपल्या आई-वडिलांचे चित्रण केले आणि १९९२ मध्ये ते पुस्तकरूपाने आणले. फोटोत दिसणारा उदास माणूस आपण नाही, ते मुलाचे स्वतःचेच चित्र आहे, अशा अर्थाचा वडिलांचा आक्षेप त्यांनी त्याच पुस्तकात घातला. वडिलांना तो आक्षेप मांडायला जागा मिळाली, हे मला त्यातल्या कित्येक चित्रांइतकेच महत्त्वाचे वाटते.

मोबाइलवर केलेला प्रकल्प चालेल का?

चालेल. ८ × १० इंचांच्या छापाला ३०० डीपीआयने २४०० × ३००० पिक्सेल लागतात आणि १२ मेगापिक्सेलच्या फोनमधून साधारण ४००० × ३००० पिक्सेल मिळतात. एवढे पाळावे की चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नये, कारण फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद असते आणि जवळून नाक मोठे दिसते. ‘सौंदर्यवर्धक’ सोय बंद ठेवावी. सुरकुत्या पुसलेली आजी कोणाच्याच ओळखीची नसते.

घरात उजेड कमी असतो. फ्लॅश लावावा का?

शक्यतो नको. आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढवावा, दाणेदारपणा छापात फारसा खुपत नाही. बसलेल्या माणसाला शटरचा १/६० सेकंदाचा वेग पुरतो, हातवारे करणाऱ्याला १/१२५ लागतो. काही दिव्यांखाली चित्रात आडवे काळे पट्टे येतात; वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर आणल्यास ते बहुधा जातात.

प्रसंग मुद्दाम मांडून फोटो काढला तर तो खोटेपणा ठरतो का?

मांडणी आहे हे लपवले तरच. अमेरिकी छायाचित्रकार कॅरी मे वीम्स यांनी १९९० मध्ये स्वयंपाकघरातील एका टेबलाभोवती, वर टांगलेल्या एकाच दिव्याखाली, स्वतः भूमिका करून २० छायाचित्रे आणि १४ मजकूर-फलक यांची मालिका केली. त्यातले प्रसंग रचलेले आहेत आणि ते कोणी दडवलेले नाहीत.

शेवटी किती फोटो ठेवावेत आणि क्रम कसा लावावा?

सत्राच्या प्रकल्पाला १२ ते २० पुष्कळ झाले. पडद्यावर निवड करू नये. पोस्टकार्डाएवढे स्वस्त छाप काढून ते जमिनीवर पसरावेत आणि दोन दिवस तसेच राहू द्यावेत. येता-जाता ज्या फोटोपाशी पाय थांबतात तो ठेवावा. ज्याचे समर्थन करायला तुम्हाला तीन वाक्ये लागतात तो बहुधा जातो. तारखेप्रमाणे लावलेला क्रम सर्वांत सोपा आणि पुष्कळदा सर्वांत निर्जीव असतो; त्याऐवजी दोन शेजारी चित्रांत हाताला हात, खिडकीला खिडकी, गर्दीला रिकामी खुर्ची असे काही जुळते का ते पाहावे.

फोटोंखाली काय लिहावे?

जे दिसते ते परत लिहू नये. ‘आजी खिडकीत बसली आहे’ हे वाचकाला कळते. ती कोणाची वाट पाहते हे कळत नाही. नाव, नाते, ठिकाण आणि महिना-वर्ष द्यावे, आणि शक्य तिथे त्या व्यक्तीचे मुद्रित केलेले वाक्य तिच्याच बोलीत, न सुधारता द्यावे.

फाइली आणि छाप यांचे पुढे काय करावे?

फाइलींच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. स्कॅन टिफमध्ये (तपशील न गमावणारी फाइल) आणि फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) असल्यास ते जपावेत, पाठवायला लहान आकाराच्या जेपीईजी फाइली करावेत. फाइलीच्या नावातच वर्ष, महिना आणि व्यक्ती घालावी. ‘नवीन फोल्डर २’ मध्ये काय आहे हे पाच वर्षांनी कोणालाच आठवणार नाही. प्रदर्शनातले छाप घरच्यांना आणि कट्ट्यावरच्या मंडळींना द्यावेत, देताना मागे मऊ पेन्सिलीने सगळ्यांची नावे लिहावीत, आणि एक ओळ आणखी, जी लिहायला बहुतेक विद्यार्थी विसरतात: फोटो कोणी काढला.